बार्शी लाइटचा सुटलेला तुकडा

आपण शाळेत होतो तेव्हा बार्शीची रेल्वे म्हणजे नॅरोगेजच. आषाढीला टपापर्यंत भरलेली ती गाडी सर्वांना आठवत असेल. तिच्यामागचं डोकं कुणाचं, हे मला फार उशिरा कळलं.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या कंपनीने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही अडीच फुटी लाइन सुरू केली. इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नको, हा त्याचा नियम. भार सारखा वाटला की हलके, स्वस्त रूळ पुरतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला स्टँडर्ड म्हणतो, तेच हे. (पुढे याच गृहस्थाने वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं!) लाइन १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला पोचली, १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली.

ब्रॉडगेज करताना धाराशिव जोडण्यासाठी येडशीपुढे मार्ग वळवला. बार्शीकरांना मुंबईची थेट गाडी मिळाली, ते चांगलंच झालं. पण जुना तुकडा सुटला. जुने नकाशे उपग्रहचित्रांवर बसवून मी तो आखते आहे. रेघ मिळते, गेटमनची खोली, पाण्याची टाकी कुठे होती ते मिळत नाही. ज्यांचे वडील लाइनवर किंवा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात होते, त्यांनी घरातले फोटो, पास, तिकिटं स्कॅन करून पाठवावीत. येडशी ते कळंब रोडमधलं काही असेल, तर आधी ते.