न्यूपोर्टचा रस्ता आणि कोकणातली आळी



जुन्या नगरांचे जतन म्हटले की एखादी देखणी इमारत डोळ्यांपुढे येते. परंतु प्रार्थनामंदिरापासून दफनभूमीकडे जाणारा रस्ता, बंदर, बाजार, घरांची ओळ आणि या सर्वांना माणसांनी दिलेली नावे मिळून नगर होते. ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्टचा इतिहास हेच सांगतो.

तेथील यहुद्यांनी १६७७ साली दफनभूमीसाठी जमीन घेतली. प्रार्थनामंदिर उभे राहिले ते १७६३ मध्ये. पीटर हॅरिसन यांनी त्याचा आराखडा केला. हेखाल पूर्वेस यावा म्हणून ही वास्तू रस्त्याशी तिरपी उभी आहे. डिसेंबर १७७६ मध्ये ब्रिटिश सैन्याने नगर ताब्यात घेतले, व्यापार बुडाला आणि बहुतेक यहुदी कुटुंबे निघून गेली. प्रार्थनामंदिरात त्या काळी सैनिकांचे रुग्णालय होते. आयुष्य रुग्णालयात घालविलेल्या मला ही गोष्ट विशेष जवळची वाटते. १७९० मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी याच मंडळीला धर्मस्वातंत्र्याची ग्वाही देणारे पत्र लिहिले. तरीही वस्ती ओसरत गेली आणि पुढे अनेक दशके प्रार्थनामंदिराची दारे बंद राहिली.

माणसे गेली, तरी वास्तू टिकली कशी? १८२२ साली निधन पावलेल्या अब्राहम टूरो यांनी मृत्युपत्राद्वारे प्रार्थनामंदिरासाठी १०,००० डॉलर ठेवले. त्याखेरीज दफनभूमीकडून येणाऱ्या रस्त्याच्या दुरुस्तीसाठी ५,००० डॉलर ठेवले. या दुसऱ्या देणगीचे मोल मला अधिक वाटते, कारण त्यांनी केवळ भिंती राखल्या नाहीत, तर जिवंतांचे आणि मृतांचे स्थान जोडणारी वाटही राखली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवी यहुदी कुटुंबे तेथे आली, तेव्हा त्यांना दार उघडण्याजोगे प्रार्थनामंदिर मिळाले. १९४६ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. १९६८ मध्ये डोरिस ड्यूक यांनी स्थापिलेल्या संस्थेने नगरातील अठराव्या शतकातील अनेक घरे दुरुस्त करून त्यांत भाडेकरू ठेवले. घरात चूल पेटत राहिली तरच घर जगते, हे त्यामागील शहाणपण.

जतन प्रामाणिकही असावे लागते. न्यूपोर्टच्या वैभवात गुलामांच्या व्यापाराचा वाटा होता आणि काही यहुदी व्यापारीही त्यातून अलिप्त नव्हते. तेथील सार्वजनिक दफनभूमीत आफ्रिकी लोकांच्या कबरींचा स्वतंत्र भाग आहे. तोही त्याच नगराच्या स्मृतीचा भाग मानला पाहिजे.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले ते नवगावच्या किनाऱ्याशी, अशी आपली परंपरा. तेथील दफनभूमी, अलिबागची इस्राएल आळी व मागेन आबोथ प्रार्थनामंदिर, खंडाळ्याचा एलियाहू हन्नाबीचा खडक, तेलाचे घाणे चालविणाऱ्या आपल्या 'शनिवार तेल्यां'ची गावे आणि मुंबईत १७९६ साली उभे राहिलेले शाअर हारहमीम हे एकाच माळेतील मणी होत. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, किहीमकर या आडनावांत तर कोकणचा नकाशाच आपल्यासोबत अमेरिकेपर्यंत आला. परंतु बहुतेक कुटुंबे इस्राएलास, मुंबईस वा या देशी गेली. न्यूपोर्टप्रमाणेच माणसे ओसरली. मात्र रस्त्यासाठी पैसे ठेवणारे हात आपल्यात किती आहेत?

म्हणून माझी विनंती अशी. प्रत्येक कुटुंबाने आपले गाव, आळी, विहीर, घाणा आणि आजोबा-पणजोबांच्या कबरींची जागा मराठीत लिहून ठेवावी. जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर नावे घालावीत. मलिद्याच्या प्रसंगी नवस करताना कोकणातील दफनभूमीच्या कुंपणासाठी व वाटेसाठीही थोडे बाजूस काढावे. ज्यांना गावांची नावे ठाऊक आहेत ती पिढी आता वृद्ध झाली आहे. हे काम येत्या सणाआधीच सुरू व्हावे.