कूतचा वेढा, कुन्नूरचे उंदीर आणि आपलं ताट

वेलिंग्टनला बदली झाली तेव्हा निलगिरीची थंडी आणि चहाचे मळे एवढंच माझ्या डोक्यात होतं. छावणीपासून कुन्नूर अगदी जवळ. रविवारी बाजार करायला जायचं आणि येताना सिम्स पार्कला एक चक्कर मारायची, असा क्रम पडून गेला. त्या पार्कासमोरच पाश्चर इन्स्टिट्यूटची जुनी इमारत आहे. कुत्रं चावल्यावर द्यायच्या लशीसाठी ही संस्था प्रसिद्ध, एवढंच मला ठाऊक होतं. पुढे वाचनात आलं की आपल्या देशातल्या आहारसंशोधनाची सुरुवात १९१८ साली इथल्याच एका खोलीत झाली, आणि ती करणारा माणूस इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला वर्दीवाला डॉक्टर होता. त्याचं नाव रॉबर्ट मॅककॅरिसन.

पण त्या खोलीकडे वळण्याआधी दोन-तीन वर्षं मागे, मेसोपोटेमियात जाऊ. कारण तिथे जे घडलं ते आपल्याच पलटणींच्या वाट्याला आलं होतं.

७ डिसेंबर १९१५. टायग्रिस नदीच्या वळणावरचं कूत-अल-अमारा हे गाव. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पूना डिव्हिजनला तुर्की फौजेने वेढा घातला. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. १०३ म्हणजे आजची जंगी पलटण. कोकणातली आणि देशावरची पोरं. वेढा जवळपास पाच महिने चालला. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली. सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली आणि त्यातली हजारो घरी परतलीच नाहीत.

कूतची लढाई सांगताना आपण तोफा आणि खंदक सांगतो. मला मात्र तिथली दोन लंगरं जास्त शिकवून गेली. जागा एक, वेढा एक, उपासमार एक. पण गोऱ्या शिपायांचं राशन वेगळं आणि हिंदी शिपायांचं वेगळं. त्यामुळे आजारही वेगळे झाले.

गोऱ्यांना मैद्याचा पांढरा पाव मिळायचा. त्यांच्यात बेरीबेरी सुरू झाला. पाय बधिर होतात, अंगावर सूज येते, शेवटी हृदय थकतं. हिंदी शिपाई कोंड्यासकट दळलेला आटा खात होते. त्यांना बेरीबेरीने फारसं छळलं नाही, पण स्कर्व्हीने गाठलं. हिरड्या सुजून रक्त येतं, जखमा भरत नाहीत, अंगात त्राण राहत नाही. ताजी भाजी किंवा फळ पोटात गेलं नाही की हे होतं. गोरे शिपाई घोड्याचं ताजं मांस खात होते, त्यातून थोडंफार 'क' जीवनसत्त्व त्यांना मिळत होतं. आपल्या लोकांनी ते मांस बराच काळ नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली तरी मनं वळेनात. गावी परतल्यावर जातभाई काय म्हणतील, ही धास्ती मोठी होती. आज खुर्चीत बसून त्यांना हसणं सोपं आहे, पण मी हसत नाही. सवय आणि लाज या दोन गोष्टी भुकेपेक्षाही चिवट असतात, एवढंच त्यातून दिसतं.

पुढे फेब्रुवारीत पांढरं पीठ संपत आलं आणि गोऱ्यांच्या पावातही आटा मिसळावा लागला. आणि बेरीबेरी ओसरला! ना गोळी, ना इंजेक्शन. गिरणीत जो कोंडा काढून टाकला जात होता तो पोटात जाऊ लागला, इतकंच.

स्कर्व्हीवरचा एक उपाय तर आपल्या स्वयंपाकघरातलाच निघाला. त्याच महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवलं की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याची ताकद नसते, पण तेच भिजवून मोड आणले की ती येते. अट एकच, दाणा अख्खा हवा. सोलून फोडलेल्या डाळीला मोड येत नाहीत. फौजेच्या राशनात डाळ होती, पण ती डाळ. कोणत्याही मराठी घरात आदल्या रात्री मटकी भिजत घालून फडक्यात बांधून ठेवतात, ती पद्धत राशनाच्या तक्त्यात बसलेली नव्हती.

आता कुन्नूरला येऊ. मॅककॅरिसन यांनी पांढऱ्या उंदरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचं जेवण दिलं. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी, असे सात गट. उंदरांची जात एकच, पिंजरे सारखे, फरक फक्त ताटाचा. १४० दिवसांनी वजनं केली तेव्हा शीख ताटावरचे उंदीर सर्वांत पुढे, सरासरी २३५ ग्रॅम. मद्रासी ताटावरचे सर्वांत मागे, १५५ ग्रॅम. आपलं मराठा ताट तिसरं आलं!

तिसरा नंबर वाचून कॉलर ताठ करण्याआधी एक लक्षात घ्या. उंदीर सगळे एकाच कुळातले होते, म्हणजे निकाल रक्ताचा नव्हताच. 'लढवय्या जमाती' हा इंग्रजांचा लाडका सिद्धांत. त्यांच्याच डॉक्टराच्या प्रयोगात ताट बदललं की देह बदलत होता. शीख ताटात अख्ख्या गव्हाची रोटी, दूध, दही, लोणी, डाळ, पालेभाजी, फळं असं सगळं होतं. मद्रासी ताटात मुख्यतः पॉलिश केलेला तांदूळ होता. दोष तांदळाचाही नाही. जिथे उकडा तांदूळ खातात तिथे बेरीबेरी कमी आढळे, कारण साळ उकडताना कोंड्यातलं 'ब१' जीवनसत्त्व दाण्यात मुरतं. कोकणातल्या उकड्या तांदळाच्या पेजेला गरिबाचं खाणं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

ती एका खोलीतली प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

आता हे सगळं मी का लिहितोय? बेरीबेरी आणि स्कर्व्ही आज आपल्या आसपास क्वचितच दिसतात. पण पॉलिक्लिनिकच्या रांगेत बसलं की आपलेच लोक भेटतात. कुणाच्या हातात शुगरची फाईल, कुणाच्या बीपीची. त्या रांगेत मीही आहे. सकाळी पाच वाजता पीटीला धावणाऱ्या जवानाचं ताट आपण पेन्शनीतही तसंच चालू ठेवलं. धावणं सुटलं, पुरी-भाजी आणि गोड चहा सुटला नाही. त्यात घरी ज्वारी, बाजरी, नाचणी मागे पडली. पांढराशुभ्र भात, मैद्याची बिस्किटं आणि पाव पुढे आले. माझे वडीलही फौजेतून आले तेव्हा भाकरी नको म्हणायचे. भाकरी म्हणजे दुष्काळाची आठवण, चपाती म्हणजे नोकरीवाल्याचं घर. त्यांना दोष कसा देऊ? कूतमधल्या शिपायालाही गाव काय म्हणेल हीच भीती होती.

म्हणून माझी सूचना छोटी आहे. औषध डॉक्टर सांगतील तेच घ्या, ते बंद करू नका. पण ताटात दाणा शक्य तितका अख्खा येऊ द्या. आठवड्यातून तीन-चार दिवस भाकरी, मोडाची उसळ, रोज एक हिरवी भाजी, वर लिंबू पिळून. चहात साखर निम्मी करा, मग त्याच्याही निम्मी. यातलं काहीही महाग नाही. आणि घरातल्या नातवंडांसमोर भाकरी अभिमानाने खा, कारण लाज जशी पिढीतून पिढीत जाते तसा अभिमानही जातो.

आमच्या लंगरातले उस्ताद म्हणायचे, जवान पोटावर चालतो. कूतने त्यात भर घातली: पोट नुसतं भरून चालत नाही.

जय हिंद.