एकविसावा रकाना

१९ जुलै २०२४, शुक्रवार. त्या दिवशी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले आणि बहुतेक आपणहून उठलेच नाहीत. आपल्याकडच्या बातम्यांत दिवसभर 'मायक्रोसॉफ्ट ठप्प' असं चाललं होतं. आडवं झालं होतं ते विंडोजच, पण पाडलं होतं दुसऱ्याने. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकेतली सायबर सुरक्षा कंपनी; तिचं 'फाल्कन' हे सॉफ्टवेअर विमान कंपन्या, बँका, रुग्णालयं, मोठी कार्यालयं पैसे मोजून बसवतात. घरच्या पीसीवर ते सहसा नसतं. त्यामुळे त्या दिवशी घरचं यंत्र सुखरूप राहिलं. ज्या गोष्टीने ऑफिसातल्यांची दमछाक केली ती मात्र घरच्या लॅपटॉपवरही असू शकते. तिच्याकडे येतोच. खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत.

पाच महिने आधी

फेब्रुवारीच्या अखेरीस फाल्कनची ७.११ ही आवृत्ती आली. विंडोजमधले प्रोग्रॅम एकमेकांशी बोलायला 'नेम्ड पाइप' नावाची वाट वापरतात आणि घुसखोरही तीच वापरतात. त्या वाटेवर नजर ठेवणारी नवी तपासणी या आवृत्तीत होती. तपासणीच्या आराखड्यात २१ रकाने होते. त्या रकान्यांत माहिती भरणारा कोड मात्र २० च गोष्टी पुरवत होता.

ही गफलत कुणाच्या ध्यानात आली नाही, कारण एकविसाव्या रकान्यासमोर 'काहीही चालेल' असं लिहिलेलं होतं. काहीही चालणार असेल तर तिथे काय आहे हे बघायला कुणी जात नाही. ५ मार्चला ताण देऊन चाचणी झाली, पास. ८ ते २४ एप्रिलच्या दरम्यान या तपासणीचे आणखी तीन नियम ग्राहकांच्या यंत्रांवर गेले. त्या तिन्हींतही एकविसावा रकाना मोकळाच सोडलेला. तेही सुरळीत चालले, आणि तपासणी भरवशाची ठरली.

सहा तास आधी, पहाटे साडेतीनच्या सुमारास

मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा मध्य अमेरिकेतला विभाग कोलमडला. फ्रंटियर या अमेरिकी विमान कंपनीला काही काळ उड्डाणं थांबवावी लागली. पुढच्या अनर्थाशी याचा काडीचा संबंध नव्हता, पण गोंधळ घालायला ते पुरेसं ठरलं. थोड्या वेळाने खरी पडझड सुरू झाली तेव्हा अनेक आयटीवाले मायक्रोसॉफ्टच्याच दारात उत्तर शोधत बसले, आणि वर्तमानपत्रांचे मथळेही तिथेच अडकले.

सकाळी ९:३९

क्राउडस्ट्राइकने २९१ क्रमांकाच्या 'चॅनेल फाइल'ची नवी प्रत सोडली. तिच्यात नेम्ड पाइपवरचे दोन नवे नियम होते. त्यातल्या एकाने पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यात 'काहीही'च्या जागी नेमकं काहीतरी मागितलं. पाठवण्यापूर्वी फाइल तपासणारा कंपनीचा प्रोग्रॅमही रकाने २१ च आहेत आणि माहितीही २१ गोष्टींची येते असं धरून चालणारा. त्याने फाइलला हिरवा कंदील दाखवला. ग्राहकाच्या यंत्रावर फाल्कन एकविसावी गोष्ट शोधायला गेला. ती नव्हतीच. म्हणून त्याने विसाव्याच्या पुढची मेमरी वाचली, जी त्याची नव्हती.

साध्या प्रोग्रॅमने असला आगाऊपणा केला तर विंडोज तो प्रोग्रॅम बंद करतं आणि बाकीचं काम चालू राहतं. फाल्कन मात्र विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसतो. विषाणूंच्या आधी तिथे पोचायचं तर ते लागतंच, असा या धंद्याचा युक्तिवाद. गाभ्यात चूक झाली की कुणाला बंद करायचं आणि कुणाला वाचवायचं हे ठरवण्याची सोय उरत नाही. डेटाची नासाडी व्हायला नको म्हणून अख्खी यंत्रणाच हात वर करते. निळी स्क्रीन, रडका चेहरा, खाली बारीक अक्षरात फाल्कनच्या ड्रायव्हरचं नाव, 'सीएसएजंट डॉट एसवायएस'. यंत्र पुन्हा सुरू होतं. फाल्कन सुरुवातीलाच जागा होणाऱ्यांपैकी असल्याने तीच फाइल पुन्हा वाचतो. पुन्हा निळी. लॉग-इनपर्यंत पोचायचं नावच नाही.

इथे एक गोष्ट जरा खोलात सांगायला हवी, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथे फसली. सावध कंपन्या नव्या आवृत्तीवर लगेच उडी मारत नाहीत. एक किंवा दोन पावलं मागे राहतात. फाल्कनमध्ये तशी सोय होती आणि अनेकांनी ती निवडलीही होती. त्यांच्या हिशेबी ते सुरक्षित होते. पण ती निवड होती सॉफ्टवेअरच्या आवृत्तीपुरती. रोजच्या रोज येणाऱ्या या नियमांच्या फायलींना ती लागूच नव्हती. त्या सगळ्यांना, एकाच वेळी, न विचारता जात. शितावरून भाताची परीक्षा करायची असते. इथे आख्खं पातेलंच पंगतीत वाढलं गेलं. चूक कोडची होती हे खरं, पण त्या चुकीचं संकट केलं ते या एकगठ्ठा वाढण्याने, असं माझं मत आहे. ही फाइल हजारभर यंत्रांवर आधी सोडली असती तर तिचं नाव आज कुणाला ठाऊकही नसतं.

९:३९ ते १०:५७

अठ्ठ्याहत्तर मिनिटं. एवढ्या वेळात जी यंत्रं चालू होती आणि इंटरनेटला जोडलेली होती, तीच सापडली. बंद असलेली वाचली.

ही वेळ जगात कुठे काय होती ते पाहा. सिडनीत दुपारचे दोन वाजून गेलेले, आठवड्याचं काम उरकायची घाई. तिथल्या वृत्तवाहिन्यांचं प्रक्षेपण कोलमडलं, सुपरमार्केटचे गल्ले निळे झाले. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र नुकती उलटलेली. नोकरदारांचे लॅपटॉप मिटलेले, पण सर्व्हर, विमानतळांचे पडदे आणि रुग्णालयांचे संगणक रात्रंदिवस जागे असतात. आणि आपल्याकडे? मुंबई-पुण्यात लोकलमधून किंवा कंपनीच्या बसमधून उतरून, चहा घेऊन, लॅपटॉप उघडायची नेमकी हीच वेळ.

१०:५७

कंपनीने फाइल मागे घेतली, दुरुस्त प्रत ठेवली. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न संपला होता. पण दुरुस्त प्रत घ्यायला यंत्र नेटवर्कपर्यंत पोचायला हवं, आणि ते त्याआधीच मान टाकत होतं. काहींना नशिबाने साथ दिली: सुरू होताना नेटवर्क क्षणभर आधी जोडलं गेलं, नवी फाइल उतरली, यंत्र वाचलं. या नशिबाच्याच जोरावर मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडमधल्या यंत्रांसाठी अधिकृत सल्ला दिला की बंद करून चालू करत राहा, काहींना पंधरा वेळाही लागलंय. आयटीवाल्याच्या 'एकदा रीस्टार्ट करून बघा'ची आजवर आपण थट्टा करत आलो होतो.

दुपार

विमानतळांवर खडू-फळ्याचा जमाना परतला. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्स्प्रेस यांचं चेक-इन हाताने होऊ लागलं. हैदराबादहून निघालेल्या एका प्रवाशाने हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचा फोटो टाकला आणि तो देशभर फिरला. मुंबई आणि गोव्यातही रांगा दाराबाहेर गेल्या. इंडिगोने दोनशेच्या आसपास उड्डाणं रद्द केली.

बाकी भारत मात्र बऱ्यापैकी वाचला. सरकारच्या एनआयसी नेटवर्कला धक्का लागला नाही. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. कारणंही दिली: बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या यंत्रणा क्लाउडवर नाहीत, आणि क्राउडस्ट्राइक वापरणाऱ्या बँका थोड्याच. थोडक्यात, आपण मागे राहिलो म्हणून तगलो. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

दुपारी ३:१५

क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की हा सायबर हल्ला नाही, दोष सापडला आहे, उपाय दिला आहे. माफीचा शब्द त्यात नव्हता. तो नंतर टीव्हीवरच्या मुलाखतीत आला. जुन्या लोकांना आणखी एक गोष्ट आठवली. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक महत्त्वाची फाइल विषाणू समजून पकडली आणि जगभरातले संगणक बंद-चालू होत राहिले. तेव्हा मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी कर्ट्झच होते.

संध्याकाळ ते मध्यरात्र

उपाय ऐकायला सोपा होता. सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींसह यंत्र सुरू करण्याच्या सोयीत, जा, विंडोजच्या ड्रायव्हर्समधलं क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडा, 'सी-०००००२९१' ने सुरू होणारी फाइल उडवा, रीस्टार्ट करा. पण हे दुरून करता येत नव्हतं. प्रत्येक यंत्रासमोर एक माणूस उभा हवा. डेल्टा या विमान कंपनीच्या प्रमुखांनी पुढे सांगितलं की त्यांना ४०,००० सर्व्हर हाताने पूर्ववत करावे लागले. त्यांची पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली.

त्यात बिटलॉकर आडवा आला. लॅपटॉप चोरीला गेला तरी डेटा वाचता येऊ नये म्हणून विंडोज डिस्कला हे कुलूप घालतं. रोज वापरताना ते जाणवतही नाही. पण अशा आडवाटेने आत शिरायला गेलात की ते ४८ आकडी किल्ली मागतं, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. एक आकडा चुकला की आत प्रवेश नाही. कितीतरी कंपन्यांमध्ये या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या, तोच निळा पडलेला. ग्रँट थॉर्न्टन या हिशेब-सल्लागार कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या आयटी चमूने यावर झकास तोड काढली. बारकोड वाचणारं साधं यंत्र संगणकाला कीबोर्डच वाटतं. त्यांनी सगळ्या किल्ल्यांचे बारकोड केले, ते एका स्क्रीनवर दाखवले आणि समोर आलेल्या लॅपटॉपला स्कॅनर जोडून 'टीक' केलं. ४८ आकडे क्षणात बरोब्बर भरले.

शनिवार

मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करणारं साधन दिलं आणि ८५ लाखांचा आकडा जाहीर केला. एकूण विंडोज यंत्रांच्या तो एक टक्क्याहूनही कमी. तोवर गिधाडंही उतरली होती. 'क्राउडस्ट्राइक हॉटफिक्स' अशा नावाची झिप फाइल फिरू लागली. उघडली की यंत्राचा ताबा परक्याच्या हाती. मोठा बिघाड बातम्यांत आला की पुढचे आठ-दहा दिवस 'तुमचा संगणक दुरुस्त करून देतो' म्हणणारा फोन, दुवा किंवा फाइल थेट धुडकावून लावायची.

त्यानंतर

क्राउडस्ट्राइकने नियमांच्या फायली टप्प्याटप्प्याने सोडायला आणि ग्राहकांना त्यावर ताबा द्यायला सुरुवात केली. सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलच्या बाहेर काढण्याच्या खटपटीला मायक्रोसॉफ्ट लागलं. ॲपलने मॅकवर ते काही वर्षं आधीच सुरू केलं होतं. २०२५ मध्ये निळी स्क्रीन काळी झाली, रडका चेहरा गेला, आणि बिघडलेल्या ड्रायव्हरचं नाव जरा स्पष्ट दिसू लागलं.

आता घरचं यंत्र. विंडोज ११ चा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला असेल तर डिस्कला कुलूप असण्याची दाट शक्यता आहे, होम आवृत्ती असली तरी. मालकाला बऱ्याचदा पत्ताच नसतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू दिसलं तर ४८ आकडी किल्ली त्या खात्यात ठेवलेली असते. वेबवर खात्यात जाऊन ती शोधा आणि कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये नको. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर किल्ली आयटी विभागाकडे असते.

सेफ मोडची वाटही एकदा धड यंत्रावर चालून बघा: शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि चारचा आकडा. यंत्र सुरूच होत नसेल तर सुरू होता होता दोन-तीनदा पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. बहुधा ट्रबलशूटवाला तोच निळा मेन्यू आपणहून येतो.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून 'क्विक मशीन रिकव्हरी' आली आहे. यंत्र पुन्हापुन्हा कोसळलं तर ते दुरुस्तीच्या कप्प्यातूनच इंटरनेटला जोडून घेतं आणि मायक्रोसॉफ्टकडून उपाय उतरवतं. त्या शुक्रवारी हेच नव्हतं. होम आवृत्तीत ती मुळातच चालू असते. सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली 'रिकव्हरी'त दिसेल. विंडोज १० वाल्यांना ती मिळणार नाही.