दगड, कलम आणि क्रमांक : उर्दू-मराठी अक्षरे पडद्यावर कशी आली

उर्दूचा इतिहास निघाला की आपण दरबार, शायरी, फाळणी आणि भाषेचे राजकारण यांवर बोलतो. ते सगळे महत्त्वाचे आहेच. पण लिपी रोजच्या रोज जगते ती हत्यारांवर. बोरू, शाई, छापखान्याचा दगड, खिळे आणि आता मोबाइलचा पडदा. ही हत्यारे कोणी घडवली, त्यात कोणाच्या अक्षरांना जागा मिळाली आणि कोणाला थांबावे लागले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. त्यामुळे या दोन लिपींचा प्रवास मला नेहमी शेजारी शेजारी दिसतो.

सुरुवात दगडापासून करू. शिळाछापाचे तंत्र युरोपात १७९० च्या दशकात अलोइस झेनेफेल्डरने शोधले आणि १८२० च्या दशकात ते हिंदुस्थानात आले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग याच पद्धतीने छापले. पुढे मराठीने मात्र खिळ्यांची वाट धरली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक खिळे पाडले आणि १८६९ मध्ये जावजी दादाजी यांचे निर्णयसागर सुरू झाले, ज्याचे टाइप देशभर नावाजले गेले. देवनागरीची अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात आणि एका ओळीत सरळ चालतात. जोडाक्षरांचा त्रास होता, पण धातूच्या तुकड्यांत ती कशीबशी बसली.

उर्दूची नस्तालीक बसली नाही. ही शैली चौदाव्या-पंधराव्या शतकात इराणात घडली आणि परंपरा तिचे श्रेय मीर अली तब्रेझी यांना देते. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. 'बे' हे अक्षर पुढे कोणते अक्षर आहे ते पाहून आपला आकार बदलते, कधी दात होते, कधी वळण, कधी नुसता उतार. नुक्तेसुद्धा जागा पाहून सरकतात. मोजक्या खिळ्यांत हे मावणे अवघड. फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळापासून उर्दूचे टाइप पाडण्याचे प्रयत्न झाले, पण वाचकांच्या डोळ्यांना ते रुचले नाहीत. म्हणून उर्दूने दगड सोडला नाही. १८५८ मध्ये लखनौत सुरू झालेल्या नवल किशोर छापखान्याची हजारो पुस्तके याच मार्गाने निघाली. कातिब हाताने लिहायचा, ते अक्षर दगडावर उतरायचे आणि दगड छापायचा. पुढे दगडाची जागा ऑफसेटने घेतली, कातिब मात्र राहिला. चेन्नईचे 'द मुसलमान' हे १९२७ मध्ये सुरू झालेले दैनिक अनेक दशके हाताने लिहूनच निघत राहिले.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शिळाछापामुळे उर्दूचे सौंदर्य टिकले, पण छापलेले प्रत्येक पान हे मुळात एक चित्र होते. मराठीचे पान सुट्ट्या अक्षरांचे बनले होते. हा फरक शंभर वर्षे कोणाला जाणवला नाही. संगणक आला तेव्हा तो एकदम उघडा पडला.

१९८१ मध्ये पहिली मोठी कोंडी फुटली. पाकिस्तानातील सुलेखनकार मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप या ब्रिटिश कंपनीबरोबर 'नूरी नस्तालीक' तयार केली. त्यांनी सुटी अक्षरे लिहिलीच नाहीत. उर्दूत जी जी जोडणी येऊ शकते, त्या जवळपास २० हजार जोडण्या त्यांनी हाताने लिहिल्या आणि यंत्राला दिल्या. त्याच वर्षी 'जंग' दैनिकाची लाहोर आवृत्ती या अक्षरांत निघाली. १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने 'इनपेज' आणले आणि तीच अक्षरे साध्या पीसीवर आली. तेव्हाच्या एका फॉन्ट फाइलमध्ये २५६ च खाने असत. म्हणून हजारो जोडण्या ८० हून अधिक फाइलींत वाटून ठेवाव्या लागल्या. मुंबई, भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद, सगळीकडच्या उर्दू छपाईला इनपेजने वेग दिला. आमच्या मोहल्ल्यात लग्नाच्या पत्रिका लिहिणारे एक वयस्कर कातिब होते. डीटीपीची दुकाने निघाली आणि त्यांच्याकडे फक्त दुकानांच्या पाट्या उरल्या. तक्रार त्यांनी कधी केली नाही. यंत्रातली जोडणी पाहून एवढेच म्हणायचे, "हातही किसी का है."

मराठीचेही त्याच काळात वेगळे नाटक चालू होते. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले, १९९१ मध्ये भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे मानक ठरले. ते ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींसाठी होते. उर्दूला त्यात जागा नव्हती. पण मराठीला जागा मिळूनही बाजारात प्रत्येक कंपनीचा फॉन्ट आपापल्या पद्धतीने चालत होता. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसायचा. आपल्यापैकी ज्यांनी तेव्हा कार्यालयात काम केले आहे त्यांना तो आठवत असेल.

याचे कारण समजून घेऊ. संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठीचा आकार बसवलेला असे. डोळ्याला 'क' दिसे, यंत्राला तो कुठला तरी रोमन अक्षराचा क्रमांक वाटे. १९९१ च्या ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती आली तिने हा घोळ मुळापासून सोडवायचे ठरवले : जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक. देवनागरी त्यात होती. अरबी लिपीच्या गटात उर्दूचे टे, डाल, ड़े, नून गुन्ना, बडी ये हेही होते. तरी सगळे एका दिवसात मिळाले नाही. 'ॲप' आणि 'ॲसिड' यांतला मराठीचा ॲ हा स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये यायला २००८ साल उजाडले.

१९९० च्या दशकात वेब पसरली तेव्हा उर्दूपुढे जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. युनिकोडमध्ये अक्षरे होती, पण नस्तालीक दाखवणारा फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नव्हता. त्यामुळे अनेक उर्दू दैनिकांनी इनपेजमध्ये पान लावून त्याचे चित्रच संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. शिळाछापाचा दगड असा पडद्यावर परतला. बीबीसी उर्दूसारख्यांनी युनिकोड घेतले, पण नस्ख अक्षरांत. वाचायला सोपे, मात्र उर्दू वाचणाऱ्याच्या डोळ्याला परके. लाहोरच्या संशोधन केंद्रात 'नफीस नस्तालीक' तयार झाली, २००८ मध्ये 'जमील नूरी नस्तालीक' आली. पण हे फॉन्ट वाचकाने स्वतः उतरवून घ्यायचे होते. मोबाइलवर तेही शक्य नव्हते. २०१३ मध्ये अली एतराज या लेखकाने उर्दू लिपीच्या मरणाविषयी लेख लिहिला तो याच अस्वस्थतेतून : फोनवर नस्तालीक नाही म्हणून तरुण रोमनमध्ये उर्दू लिहू लागले आहेत. २०१४ मध्ये गुगलने नोटो नस्तालीक उर्दू काढली आणि २०१७ मध्ये आयफोनवर उर्दूसाठी नस्तालीक आपोआप दिसू लागली.

फॉन्ट आला म्हणजे काम संपले, असे मलाही कोणी सांगितले असते तर पटले असते. पण माझी एक विद्यार्थिनी तीन माणसांचा छोटा वेब स्टुडिओ चालवते. मराठी आणि उर्दू संकेतस्थळे बनवताना जे अडते ते ती एका वहीत लिहून ठेवते आणि अधूनमधून मला विचारते, "टीचर, हे असं का?" त्या वहीतल्या काही नोंदी इथे देते, कारण इतिहासाचा पुढचा पदर त्यातच आहे.

पहिली नोंद : पानाला दिशा आणि भाषा दोन्ही सांगा. १९९७ च्या डिसेंबरात आलेल्या एचटीएमएल ४.० पासून ही सोय आहे, तरी अनेक जण उर्दू मजकूर नुसता उजव्या कडेला सरकवून मोकळे होतात. मग पूर्णविराम ओळीच्या भलत्या टोकाला जातो. भाषा सांगितली तर फोनला कळते की इथे अरबी वळण नको, नस्तालीक हवी. मराठीलाही हे लागू आहे. काही फॉन्टांत मराठी धाटणीचे ल आणि श असतात, पण पानाची भाषा मराठी आहे हे सांगितल्यावरच ते दिसतात. नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात.

दुसरी : ओळींमधले अंतर वाढवा. इंग्रजीसाठी दीडपट पुरते, नस्तालीक उतारावर चालते म्हणून तिला दुपटीहून अधिक लागते. नाहीतर वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीवर सांडतात.

तिसरी : अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडू नका. इंग्रजी शीर्षकाला ती शोभते. देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते, उर्दूत जोडणी. एकाच आज्ञेने दोन्ही लिपी मोडतात.

चौथी : उर्दू मजकुरात फोन नंबर आला आणि मध्ये आडवी रेघ असली, तर शहराचा कोड मागे आणि उरलेला नंबर पुढे दिसू शकतो. यंत्र नियमानेच चालते, कारण मजकूर उजवीकडून आहे. नंबरची दिशा वेगळी सांगावी लागते.

पाचवी नोंद सर्वांत महत्त्वाची आणि ती समजायला एक प्रसंग सांगते. एका उर्दू शाळेची १९९० च्या दशकातली स्मरणिका संकेतस्थळावर घ्यायचे काम या स्टुडिओकडे आले. त्यात शाळेच्या जुन्या उस्तादांची आणि विद्यार्थ्यांची यादी होती. इनपेजची मूळ फाइल एका जुन्या सीडीवर निघाली, नशीब. रूपांतर करणाऱ्या साधनाने ती युनिकोडमध्ये आणली आणि मुद्रितशोधनाला माझ्याकडे पाठवली. पान सुंदर दिसत होते. पण शोधखिडकीत नाव टाकले की काही नावे सापडत आणि काही सापडत नसत, डोळ्यांसमोर असूनही. कारण असे की युनिकोडमध्ये अरबी 'ये' आणि उर्दूची छोटी 'ये' यांचे क्रमांक वेगळे आहेत. 'काफ'चेही तसेच. शब्दाच्या मध्ये आली की ही अक्षरे दिसायला सारखी, यंत्राला निराळी. यादीतला थोडा भाग कोणीतरी अरबी कीबोर्डवर हाताने टाइप केला होता. सगळी अक्षरे एकाच क्रमांकावर आणली तेव्हा कुठे नावे सापडू लागली.

मराठी वाचकांना हे दुसऱ्यांचे दुखणे वाटू नये. 'दर्या' म्हणजे समुद्र, हा फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या दऱ्या. तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो, दिसतो एकसारखाच. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर साध्या शोधाला मिळत नाही. समुद्र आणि दरी यांतला फरक माणसाला एका नजरेत कळतो. यंत्राला तो शिकवावा लागतो आणि शिकवणाऱ्याला आधी भाषा यावी लागते. माझी विद्यार्थिनी ते करू शकते, कारण तिने दोन्ही लिपी शाळेत शिकल्या आहेत. उर्दू माध्यमातल्या मुलांना 'यांचा पुढे काय उपयोग' असे विचारणाऱ्यांनी हे काम एकदा पाहावे.

मला काळजी वाटते ती १९९४ नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांची. शिळाछापाची पुस्तके कागदावर टिकली आहेत, आजचे लेखन युनिकोडमध्ये आहे. मधल्या काळातल्या स्मरणिका, मुशायऱ्यांच्या पुस्तिका, मोहल्ल्यांची पाक्षिके, स्थानिक शायरांचे संग्रह हे डीटीपीच्या दुकानांतल्या जुन्या संगणकांवर अडकले आहेत. श्रीलिपीतल्या मराठी मजकुराचीही तीच गत. दुकान बंद झाले, संगणक भंगारात गेला की छापील प्रतींशिवाय काही उरत नाही, आणि त्या प्रती असतातच किती?

यासाठी मोठा निधी लागत नाही. आपल्या संस्थेचे जुने काम कोणत्या दुकानात झाले ते शोधा, मूळ फाइल मागून घ्या, तिचे युनिकोड करून घ्या आणि लिपी जाणणाऱ्या माणसाकडून ती एकदा वाचून घ्या. पीडीएफ ठेवा, पण त्याबरोबर साधा मजकूरही ठेवा. त्या शाळेच्या यादीत आता कोणीही आपल्या आजोबांचे नाव टाकून पाहू शकते. पहिल्याच महिन्यात दोन कुटुंबांनी शाळेला कळवले की त्यांना ते सापडले.