गोल तारा, न फिरणारा तारा

बारावीला 'घर्षण नाही असे समजा' हे वाक्य आलं की माझं डोकंच फिरायचं. रंकाळ्याला सायकलवरून चक्कर मारणाऱ्याला विचारा, घर्षण कसं नाही ते! फिजिक्स म्हणजे सोयीस्कर खोटं, असं ठरवून मी कॉम्प्युटरकडे वळलो. हे मत बदललं ते आपल्याच गावच्या माणसाची गोष्ट वाचून.

विष्णू वासुदेव नारळीकर. जन्म १९०८, कोल्हापूर. जयंत नारळीकरांचे वडील. केंब्रिजला शिकून ते १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवायला गेले. तिथे १९४२ मध्ये प्रह्लाद चुनीलाल वैद्य हा २४ वर्षांचा तरुण त्यांच्याकडे सापेक्षता शिकायला आला.

तेव्हा ताऱ्याचं एक सोपं गणित होतं, श्वार्झशिल्डचं, १९१६ चं. त्यातला तारा अगदी गोल, न फिरणारा आणि बाहेर सगळं रिकामं. म्हणजे त्यातून उजेडही बाहेर पडत नाही! आता आपला सूर्य दर सेकंदाला ४० लाख टनांहून जास्त वस्तुमान प्रकाशाच्या रूपात गमावतो. मग हे गणित चुकीचं का? नाही. सूर्याच्या एकूण वस्तुमानापुढे तेवढी घट म्हणजे काहीच नाही. म्हणून बुधाची कक्षा हळूहळू कशी सरकते, ते याच गणितातून बरोबर निघतं.

पण प्रश्न बदलला तर? तारा भराभर ऊर्जा फेकत असेल तर ती घट सोडून चालत नाही. वैद्यांनी नेमकी तेवढीच एक गोष्ट बदलली. तारा गोलच ठेवला, न फिरणाराच ठेवला, फक्त त्यातून प्रकाश सरळ बाहेर जाऊ दिला. सगळं एकदम घातलं असतं तर समीकरणं सुटलीच नसती. १९४३ मध्ये त्यांचं उत्तर छापून आलं. सुरुवातीला फारसं कुणी विचारलं नाही. १९६३ मध्ये क्वेसार ओळखले गेले, कोसळणाऱ्या ताऱ्यांची चर्चा वाढली, तेव्हा 'वैद्य मेट्रिक' सगळ्यांना आठवलं. फिरणाऱ्या कृष्णविवराचं गणित रॉय केरनं सोडवलं, तेही १९६३ मध्येच.

म्हणजे बारावीत माझा रागच चुकीच्या जागी होता. 'घर्षण नाही' हे खोटं नव्हतं. या प्रश्नापुरतं ते सोडलं तर का चालतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आता कोड लिहिताना मी वर आधी कमेंट टाकतो: काय गृहीत धरलंय आणि ते कधी चालणार नाही.

तुम्हीही पुढच्या वेळी हात वर करून विचारा. भेटू पुढच्या भागात!