जगायला

सकाळी सातला मानखुर्द स्टेशनात शिरा, पण पनवेल गाडीची वाट बघू नका. वाशीकडे गाडी 1992 साली सुरू होईल. आता 1973चा मे आहे आणि मानखुर्द हे शेवटचं स्टेशन.

तुमच्या कडेवर मूल आहे. जालन्याहून मीटरगेजने मनमाड, तिथून दादर, मग कुर्ला करत तुम्ही इथवर आलात. गाठोड्यात तवा, परात आणि मिलोचं पीठ. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी, भाकरीही लालच. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला, विहिरीत खडक दिसला. दुष्काळी कामावर तुम्ही खडी फोडलीत. या महिन्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसं अशा कामांवर आहेत. दुष्काळ सगळ्यांवर पडतो म्हणतात, पण गाव आधी सुटतं ते सातबारा नसलेल्यांचं. निघताना ‘स्थलांतर’ कुणी म्हणालं नाही. म्हणाले, ‘मुंबईला जगायला चाललेत.’ ‘जगायला’इतका खरा शब्द मला कुठल्याही अहवालात सापडलेला नाही.

मोकळी जागा मिळते ती खाजणात, तिवरांच्या कडेला. भरणी टाकायची, चार बांबू रोवायचे, वर बारदान. पहिल्याच रात्री पायांना गार लागतं. तुम्ही दचकून उठता, ओंजळीत पाणी घेता, तोंडाला लावता. खारट. भरती म्हणजे काय, हे तुम्हाला तेव्हा कळतं.

त्या दुष्काळामागे प्रशांत महासागरातला एल निनो होता. आता हवाच तापलीय: पाऊस महिनाभर ताण देतो आणि एका दिवसात सगळा कोसळतो. 26 जुलै 2005 घ्या. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर. तुम्ही पीठ, रेशनकार्ड आणि नातू पोटमाळ्यावर चढवता. एप्रिल 2016मध्ये त्याच घरात टीव्हीवर दिसतं, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी निघालंय.

आज तुमचे गुडघे गेलेत, मजुरीसाठी नाक्यावर सून उभी राहते. काल रात्री गावाकडून भाचीची लेक आली, जगायला. तुम्ही तिला उंबरा दाखवता. तीनदा विटा चढवून तो गुडघ्याएवढा झालाय, पाय उचलून आत यावं लागतं. खाडीचं पाणी कुठवर येतं, ते भिंतीवरच्या पोपड्यांवर बोट ठेवून सांगता.

ती ऐकून घेते. मग कोपऱ्यातला रिकामा हंडा उचलते.

“नळ कुठं हाय, आजी?”