बालहत्या प्रतिबंधक गृह

बालहत्या प्रतिबंधक गृह हे जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी इ.स. १८६३ मध्ये पुणे येथे सुरू केलेले प्रसूतिगृह व आश्रयस्थान होते. वैधव्यात गर्भवती राहिलेल्या आणि त्यामुळे घर गमावण्याची वेळ आलेल्या तरुण स्त्रियांना येथे गुप्तपणे बाळंत होण्याची सोय होती. भारतीयांनी स्वतः चालवलेल्या अशा प्रकारच्या संस्थांपैकी ही अगदी आरंभीची मानली जाते. संस्थेच्या नावात बालकाचा उल्लेख आहे, मातेचा नाही; तरी प्रत्यक्षात छप्पर हवे होते ते दोघांनाही.

== पार्श्वभूमी ==
एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण व अन्य काही उच्चवर्णीय जातींत मुलींचे विवाह बालपणी होत आणि पती वारल्यास पुनर्विवाहास मज्जाव असे. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली, परंतु रूढी हलली नाही. केशवपन केलेली विधवा सासरी किंवा माहेरी स्वयंपाकपाण्याच्या कामावर दिवस काढी. घरातल्याच किंवा शेजारच्या पुरुषापासून तिला दिवस गेले, तर दोष तिच्या एकटीच्या माथी येई. मग गावठी औषधांनी गर्भ पाडण्याचे प्रयत्न होत. ते फसले की यात्रेच्या निमित्ताने तिला दूरच्या क्षेत्री नेऊन तेथेच सोडून येणारी कुटुंबेही होती.

१८६२ पासून लागू झालेल्या भारतीय दंडसंहितेत गर्भपात करवून घेणारी स्त्री, मूल टाकून देणारी माता आणि जन्म लपवणारी व्यक्ती या सर्वांना शिक्षा होती. अर्भकाची हत्या हा तर खूनच. पित्याचा शोध घेण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाई.

== स्थापना ==
संस्थेचा जन्म एका खटल्यातून झाला. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकीण म्हणून कामाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवांनी तिला नादी लावले व ती गरोदर राहिली. औषधांचा उपयोग न झाल्याने ती बाळंत झाली आणि बेअब्रूच्या भीतीने तिने मुलाला ठार मारून घरामागच्या विहिरीत टाकले. सत्र न्यायालयाने तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

हा वृत्तांत जोतीरावांनीच ४ डिसेंबर १८८४ रोजी लिहिलेल्या टिपणात दिला आहे. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य या विषयांवर काढलेल्या टिपणांवर सरकारने मते मागवली होती, त्याला दिलेले ते उत्तर होय. खटला संपताच आपल्या घराच्या आवारात हे गृह काढणे भाग पडले, असे ते त्यात सांगतात. ब्राह्मणवस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटवण्यात आल्या. विधवेने येथे येऊन निर्धास्तपणे बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे किंवा ठेवून जावे, हे तिच्या मर्जीवर राहील, असा त्यांचा आशय होता. ज्या शहरात मुलींची शाळा काढल्याबद्दल या दांपत्याला घर सोडावे लागले होते, त्याच शहरात या जाहिराती लावणे किती धाडसाचे होते, हे वेगळे सांगायला नको.

== कार्य ==
आलेल्या स्त्रियांची देखभाल मुख्यत्वे सावित्रीबाई करीत. १८८४ पर्यंत पस्तीस गर्भवती विधवा येथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी केवळ पाच तेव्हा हयात होती. उरलेली तीस दगावली, आणि त्याचे कारण जोतीराव स्पष्टपणे नोंदवतात: गर्भ लपवण्यासाठी मातांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे गर्भातच इजा झाली होती. म्हणजे यातल्या बहुतेकींनी दाराशी येण्यापूर्वी बाकी सगळे उपाय करून पाहिले होते. हा आकडा अनेक चरित्रग्रंथांत उद्धृत होतो, पण त्यातील तीस मृत्यूंकडे वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. या कामाची गरज व मर्यादा दोन्ही त्यात दिसतात.

== यशवंत ==
१८७४ च्या सुमारास येथे आलेल्या काशीबाई नावाच्याच दुसऱ्या एका विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. नामसाधर्म्यामुळे या दोन स्त्रियांची पुष्कळदा गल्लत केली जाते. पहिलीचे मूल जगले नाही आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. यशवंतची आई ती नव्हे. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यासाठी रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला व १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

== नंतरच्या संस्था ==
१८७५ मध्ये पंढरपूर येथे लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाचे बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. क्षेत्राच्या ठिकाणी टाकून दिलेल्या अर्भकांचा प्रश्न तेथे अधिक तीव्र होता. ही संस्था पुढे वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखली जाऊ लागली.

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येसाठी प्रथम फाशीची शिक्षा झाली व ती नंतर कमी करण्यात आली. त्यावरील वृत्तपत्री चर्चेतून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) हे पुस्तक आले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) व धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) यांचा भर विधवांच्या शिक्षणावर होता. केडगावच्या मुक्ती मिशनमधील कृपासदन मात्र समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठीच होते.

== सद्यस्थिती ==
आज अशा आश्रयाची गरज विधवांपेक्षा अविवाहित, परित्यक्ता व अत्याचारपीडित तरुणींना अधिक भासते. केंद्र शासनाच्या स्वाधारगृह व उज्ज्वला या योजना २०२२ मध्ये मिशन शक्तीअंतर्गत 'शक्ती सदन' या नावाने एकत्र करण्यात आल्या. स्वयंसेवी संस्थांपैकी पुण्याजवळील वढू बुद्रुक येथील 'माहेर' (१९९७) गर्भवती व मुलांसह घराबाहेर पडलेल्या स्त्रियांना आसरा देते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मूल सांभाळणे अशक्य असलेली माता बाल कल्याण समितीपुढे त्याचा ताबा सोडू शकते. या निर्णयाचा फेरविचार करण्यासाठी तिला साठ दिवसांची मुदत असते. हे दोन महिने ती कोठे राहणार, हे मात्र जवळपास निवारागृह आहे की नाही यावर अवलंबून राहते.